शाहिराचा डफ आणि आपला विवेक

गाणे कानाला गोड लागले म्हणजे त्यातील विचार खरा ठरतो काय? आणि विचार पटला नाही म्हणून सुरेल गाणे बेसूर होते काय? प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. परंतु ज्या घरात श्रद्धा आणि संगीत ही दोन्ही जिव्हाळ्याने जपली जातात, त्या घरात तो केव्हा ना केव्हा उभा राहतोच. गावच्या जत्रेत, शाळेच्या संमेलनात, शेजारच्या लग्नात किंवा आता मुलांच्या हातातील मोबाईलवर एखाद्या शाहिराचा पहाडी आवाज घुमू लागतो. पाय नकळत ताल धरतात. मग कोणी वडीलधारी व्यक्ती विचारते, "अरे, हा तर लाल बावट्याचा शाहीर! याचे गाणे आपल्या घरात कशाला?" मुले म्हणतात, "आम्ही गाणे ऐकतो, पक्ष कुठे ऐकतो?" दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच या विषयाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

तीन शाहीर

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच मराठी मुलखात सापडते. 1944 साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. तिघेही कम्युनिस्ट चळवळीतले. गिरणगावातील चाळींच्या पटांगणांत, कामगारांच्या सभांत आणि पुढे खेडोपाडी त्यांचा डफ वाजू लागला.

अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, मातंग समाजात झाला. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम पाहिले. पोटासाठी ते वडिलांबरोबर पायी मुंबईस गेले, हमाली केली, गिरणीत राबले, आणि त्या जिण्यातूनच त्यांची लेखणी जन्मास आली. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली व तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. अमर शेख हे बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. 1916 साली गरीब मुसलमान कुटुंबात जन्मलेल्या या मुलाने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली, आणि पुढे लाखोंच्या सभा आपल्या आवाजाने भारून टाकल्या. अण्णाभाऊ आणि अमर शेख हे दोघेही 1969 साली, अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने, हे जग सोडून गेले.

त्यांच्या मंडळींनी तमाशाच्या जुन्या रूपात एक मोठा बदल केला. गणेशवंदनाच्या जागी मातृभूमीला व राबणाऱ्या माणसाला वंदन आले. गवळणीची थट्टामस्करी मागे पडली. वगात सावकार, गिरणीमालक आणि पुढारी उभे राहिले. तमाशा म्हटले की सभ्य घरांत नाक मुरडले जाई; त्याच तमाशाला त्यांनी लोकनाट्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारने त्यांच्या प्रयोगांवर बंदी घातली. तरी गाणी थांबली नाहीत. लोकांच्या ओठांवर बसलेल्या गाण्याला बंदी करणे कोणत्याही सरकारला साधत नाही, हे त्या वेळी पुन्हा एकदा दिसून आले.

आपला विरोध कशाला?

येथे कोणी म्हणेल, "मग अडचण कोठे आहे? गाणी चांगली, माणसे कष्टाळू, आनंदाने ऐकावीत." अडचण आहे, आणि ती लहान नाही.

ज्या मताचा झेंडा हे शाहीर खांद्यावर घेऊन फिरत होते, त्या मताने ईश्वरास नाकारले होते आणि जेथे त्याची सत्ता आली तेथे श्रद्धावंतांचा छळ झाला होता. 1937 साली पोपमहाराज अकरावे पायस यांनी आपल्या परिपत्रकातून निरीश्वरवादी साम्यवादाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. हंगेरीचे कार्डिनल मिंझेंटी यांना 1948 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी अटक झाली व नंतर जन्मठेपेची शिक्षा ठोठावण्यात आली. पोलंडचे कार्डिनल विशिन्स्की 1953 साली बंदिवासात गेले. 1949 साली रोमहून निघालेल्या आदेशाने कॅथलिकांना कम्युनिस्ट पक्षात सामील होण्यास मनाई केली. आपल्या देशातही केरळात 1957 साली कम्युनिस्ट सरकार आले, शिक्षणविषयक कायद्यावरून ख्रिस्तसभेशी त्याचा तीव्र संघर्ष झाला, आणि 1959 साली ते सरकार बडतर्फ करण्यात आले.

हा सारा इतिहास डोळ्यांपुढे असता, अण्णाभाऊंनी 1943 साली रचलेला स्टालिनग्राडचा पोवाडा आपण कसा ऐकावा? त्या शहराच्या रक्षणासाठी लढलेल्या सामान्य शिपायांचे शौर्य खरे होते. हिटलरच्या फौजा तेथे अडल्या, ही गोष्ट साऱ्या जगाच्या हिताची झाली. परंतु ज्या राज्यकर्त्याच्या नावाने ते शहर ओळखले जात होते, त्याच्याच राजवटीत चर्चना कुलपे लागली व असंख्य निरपराध माणसे छळछावण्यांत मेली. पोवाडा जे सांगतो ते खरे असू शकते. तो जे सांगत नाही, तेही तितकेच खरे असते. सुजाण श्रोत्याने या दोन्हींची दखल घ्यावी.

'जी जी'ची जादू

पोवाड्याला राजकारण नवीन नाही. किंबहुना ते त्याच्या रक्तातच आहे. 1659 साली शिवाजी महाराजांनी अफजलखानास मारले, त्या प्रसंगावरील अग्निदासाचा पोवाडा हा आपल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक होय. पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी, प्रभाकर असे शाहीर झाले. त्यांना राजेरजवाड्यांचा व सरदारांचा आश्रय होता, आणि आश्रयदात्याचे गुणगान ओघानेच येई. 1869 साली महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तो कुळवाड्यांच्या राजाचे स्मरण म्हणून. त्यातही त्यांचे समाजकारण होतेच. म्हणजे, "पूर्वीचे शाहीर निर्मळ आणि आताचे तेवढे पक्षाचे" असे म्हणावयास काही आधार नाही. पेशवाईतील कवने आपण आजही आवडीने ऐकतो. म्हणून पेशवाई पुन्हा यावी असे कोणी म्हणत नाही.

याहून अवघड प्रसंगही आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या विजयाची वीरगाथा कानी पडली म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाची छाती मराठी म्हणून फुगते. त्याच वेळी त्या काळी ओसाड झालेल्या ख्रिस्तमंदिरांची आठवण त्याच्या मनात कळ उठवते. एकाच हृदयात दोन भाव एकदम नांदू शकतात. त्यांपैकी एकाला मारून टाकण्याची आवश्यकता नसते.

पोवाड्याच्या रचनेतच एक गोष्ट अशी आहे की जिच्याविषयी आपण सावध असले पाहिजे. शाहीर डफावर थाप मारून एक चरण म्हणतो. मागे तुणतुणे व झांज घेऊन उभे असलेले झीलकरी "जी जी जी" करून त्याला साथ देतात. हा 'जी' म्हणजे होकार! शाहिराने काहीही सांगावे आणि मागून लगेच होकार यावा, अशी ही योजना आहे. पाहता पाहता श्रोतेही त्या होकारात सामील होतात. बुद्धीने अजून तोलून पाहिलेले नसते, परंतु मानेने रुकार दिलेला असतो. लोकसंगीताचे सारे सामर्थ्य येथे आहे आणि त्याचा धोकाही येथेच आहे. आणि हा धोका काही केवळ लाल झेंड्यापुरता नाही. आज कोणत्याही रंगाचा पक्ष निवडणुकीच्या गाडीवर लोकगीताची चाल लावून फिरतो. एखाद्या धर्माविरुद्ध किंवा जातीविरुद्ध विष पेरणारे शब्दही गोड चालीवर बसविता येतात. ताल धरणे आपल्या पायांचे काम. होकार देणे हे विवेकाचे काम. पायांनी विवेकाची जागा घेऊ नये, एवढेच सांभाळावयाचे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील धडे

या बाबतीत आपल्या पूर्वजांनी काय केले, हे पाहू गेल्यास दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात.

संत पौल अथेन्स नगरात गेला. मूर्तींनी भरलेले ते शहर पाहून त्याचा जीव तळमळला. तरीही अरीयपगावर उभा राहून बोलताना त्याने त्या लोकांच्याच कवीचा आधार घेतला. तो कवी ख्रिस्ती नव्हता. त्याचे काव्य झ्यूस या देवाच्या स्तुतीने सुरू होत होते. पौलाने त्यातील खरे ते उचलले, आणि त्या खऱ्याचा धनी कोण आहे हे अथेन्सकरांना सांगितले. थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिताना त्याने जो सल्ला दिला त्याचा आशयही हाच: सर्व गोष्टी पारखून पाहा आणि चांगले ते घट्ट धरून ठेवा.

आपल्या गोमंतकात 1579 साली आलेले येशूसंघीय फादर स्टीफन्स यांनी हाच मार्ग पत्करला. मराठी माणसाचा कान ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीला सरावलेला आहे, हे त्यांनी ओळखले. त्या संतांची शिकवण त्यांना सर्वस्वी मान्य नव्हती. परंतु ओवी त्यांनी मानाने स्वीकारली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली छापून प्रसिद्ध झाले. चारशेहून अधिक वर्षे उलटली, तरी त्या ग्रंथाचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आदराने घेतले जाते.

परंतु त्याच गोमंतकात पुढे उलटी हवा वाहू लागली. 1736 साली इन्क्विझिशनने काढलेल्या आदेशाने लग्नसमारंभात ओव्या गाण्यासारख्या लोकरूढींवर बंदी घातली. गाण्यातून जुना धर्म परत शिरेल, अशी ती भीती होती. परिणाम काय झाला? लोकांच्या मनातून सूर गेले नाहीत. मात्र ख्रिस्ती माणूस आणि त्याची माती यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली, व ती पाडण्यास पुढे पिढ्यान्पिढ्या लागल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले, तेव्हा स्टीफन्स यांच्या दूरदृष्टीवर जणू शिक्कामोर्तब झाले. भीतीने घातलेली बंदी आणि विवेकाने केलेली निवड यांत किती अंतर आहे, ते या दोन उदाहरणांवरून ध्यानी यावे.

हुंदका, आरोप आणि उपाय

आता पुन्हा आपल्या शाहिरांकडे वळू. निवड करावयाची ती कशी? अशा गाण्यात बहुधा तीन पदर असतात. पहिला पदर दुःखाचा: अमक्याचे हाल होत आहेत. दुसरा आरोपाचा: ते तमक्यामुळे होत आहेत. तिसरा उपायाचा: म्हणून या झेंड्याखाली या. हे तीन पदर वेगळे करता आले की अर्धे काम झाले.

अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घ्या. पोटासाठी मुंबईस निघालेला गडी आणि मागे गावी राहिलेली त्याची बायको यांच्या ताटातुटीचे ते गाणे. बायकोचे रूप, तिचे साधे दागिने, तिची माया यांचे वर्णन करता करता शाहीर मुंबईच्या श्रीमंतीचे आणि गरिबीचे दर्शन घडवितो, आणि पुढे ती मैना म्हणजे तुटलेला मराठी मुलूख होते. बेळगावही हातचे गेल्याची खंत तेथे येते. संयुक्त महाराष्ट्राच्या ज्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे बळी पडली, त्या लढ्याचे हे गाणे.

हे गाणे आपल्या वाचकांपैकी कोण कसे ऐकेल? बेळगाव-खानापूरकडील मराठी घरात ते ऐकताना डोळे ओलावतील. गोव्यातील कित्येक कॅथलिक कुटुंबांच्या मनात निराळे विचार येतील. कारण 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करू नये, या बाजूने ख्रिस्ती मतदार बहुसंख्येने उभे राहिले, आणि 34,021 मतांच्या फरकाने तोच पक्ष विजयी झाला. इंदूर-बडोद्याकडील मराठी माणसाला तो वाद दुरूनच ठाऊक. म्हणजे या गाण्यातील 'उपाया'विषयी एकाच धर्माच्या, एकाच साप्ताहिकाच्या वाचकांतही एकमत नाही. परंतु पहिला पदर? आखातात, जहाजावर किंवा मुंबईत कामाला गेलेला नवरा आणि गावात वाट पाहणारी बायको, हे दुःख गोव्याच्या घरालाही तितकेच ठाऊक आहे. तेथे प्रत्येकाच्या गळ्यात हुंदका दाटतो, आणि तो दाटावा हेच योग्य होय.

या पहिल्या पदराकडे पाठ फिरविण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला नाही. मजुराची बुडविलेली मजुरी परमेश्वरापुढे ओरडत असते, हे संत याकोबाने आपल्या पत्रात सांगून ठेवले आहे, आणि ते कार्ल मार्क्सच्या अठराशे वर्षे आधी. पोपमहाराज तेरावे लिओ यांनी 15 मे 1891 रोजी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाद्वारे कामगाराच्या न्याय्य वेतनाचा व संघटनेच्या हक्काचा पुरस्कार केला. राबणाऱ्याचे दुःख हा काही कोणा एका पक्षाचा मक्ता नव्हे. आपण ते गाइले नाही म्हणून दुसऱ्यांनी गाइले. मग गाणाऱ्याच्या हातातील झेंडाच काय तो आपल्याला दिसावा आणि गाण्यातील माणूस दिसू नये, हे कितपत शोभेल?

ख्रिस्तसभेने स्वतः या बाबतीत एक सुंदर कित्ता घालून दिला आहे. 1 मे हा जगभर लाल झेंड्यांचा दिवस. 1955 साली पोपमहाराज बारावे पायस यांनी त्याच दिवशी कामगार संत योसेफ यांचा सण सुरू केला. त्यांनी कामगारांचा दिवस धिक्कारला नाही आणि लाल झेंडाही उचलला नाही. नासरेथच्या सुताराला त्या दिवसाच्या मधोमध आणून उभे केले. दुःख मान्य केले आणि उपाय मात्र आपला सांगितला. पुढे 1960 साली त्याच तारखेस महाराष्ट्र राज्य जन्मास आले.

चूक आणि चुकणारा

पोपमहाराज तेविसावे जॉन यांनी 11 एप्रिल 1963 रोजी 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक काढले. चूक आणि चुकणारा मनुष्य यांत नेहमी भेद करावा. चुकलेल्या माणसाचे माणूसपण कधीही नष्ट होत नाही. तसेच एखादे चुकीचे तत्त्वज्ञान आणि त्यातून उगम पावलेली चळवळ या दोन गोष्टी सर्वस्वी एकच मानू नयेत, कारण चळवळीत योग्य आणि स्तुत्य असेही काही असू शकते, असा त्यातील उपदेशाचा सारांश आहे. चुकीला चूक म्हणण्याचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही. माणसावर प्रेम करण्याचे कर्तव्य मात्र त्याच्या जोडीस येते.

शाहिरांच्या चरित्रातही या उपदेशाचा प्रत्यय येतो. 1962 साली चीनने आक्रमण केले तेव्हा कम्युनिस्ट पक्षात मोठा गोंधळ माजला होता. अमर शेखांनी मात्र देशाच्या रक्षणासाठी आपला आवाज उठविला. माणूस हा त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्याहून मोठा असतो, याचे हे उदाहरण होय. ज्या सोव्हिएत संघराज्याच्या दौऱ्यावर अण्णाभाऊ 1961 साली मोठ्या आशेने गेले, ते संघराज्य 1991 साली लयास गेले. परंतु त्यांच्या नावाचे टपाल तिकीट भारत सरकारने 2002 साली काढले, आणि 2022 च्या सप्टेंबरात मॉस्कोमध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले ते साम्यवादाशी उभा दावा असलेल्या पक्षाच्या नेत्याच्या, देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते. उपाय कालबाह्य झाला, हुंदका राहिला. गाण्याचा जो भाग टिकतो, तो बहुधा त्यातील खरा भाग असतो.

घरोघरी काय करावे?

तेव्हा आईवडिलांनी मुलांच्या हातून गाणे हिसकावून घेऊ नये, आणि "गाणेच तर आहे" असे म्हणून कानाडोळाही करू नये. एकत्र बसून ऐकावे. गाणे संपले की विचारावे: यात कोणाचे दुःख सांगितले आहे? ते खरे आहे काय? दोष कोणाला दिला आहे, आणि तो न्याय्य आहे काय? कोणते सांगावयाचे राहिले? शेवटी आपल्याला कोणीकडे बोलावले आहे, आणि तेथे प्रभू येशूला बरोबर घेऊन जाता येईल काय? जेथे जाता येत नाही, तेथे निःसंकोच थांबावे. जे गाणे माणसाचा द्वेष शिकविते, त्याची चाल कितीही मोहक असली तरी ते बंद करावे. कारण तेथे पहिला पदरच खोटा असतो.

ऐकणे, गाणे आणि मिरवणुकीत चालणे या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, हेही तरुणांना समजावून द्यावे. जे ऐकावयास हरकत नाही ते सर्वच धर्मग्रामाच्या सणाला गावे असे नाही, आणि जे सणाला शोभेल ते सर्वच पवित्र मिस्साच्या वेळी शोभेल असेही नाही. प्रत्येक सुराला त्याची जागा असते.

आणि शेवटी एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा. आपल्या वाडीतील शेतमजुराचे, ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबाचे, कर्जात बुडालेल्या शेजाऱ्याचे दुःख सांगणारे गाणे आपल्यापैकी कोणी रचले आहे काय? डफ कोणा एका पक्षाचा नाही. फादर स्टीफन्स यांनी ओवी उचलली, तशी आपल्यातील एखाद्या गुणी मुलाने शाहिरी उचलावी. नासरेथच्या सुतारावर आणि त्याच्यासारख्याच राबणाऱ्या हातांवर पोवाडा रचावा. विरोधी मताच्या शाहिराला देण्याजोगे उत्तर म्हणजे अधिक खरे आणि अधिक प्रेमळ गाणे. तोवर त्याचे गाणे ऐकताना डोळ्यांत पाणी आले, तर ते पुसून टाकण्याची घाई करू नये. ते पाणी गरिबासाठी आलेले आहे, आणि गरिबासाठी आलेले पाणी प्रभूला परके नाही.